ओळंब्यासमोर

आधी रायफल मोकळी आहे याची खात्री करून घ्या. मॅगझीन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बोल्ट टेबलावर समोर दिसेल असा ठेवा. एवढं झालं की मगच बसा. ज्यांच्याकडे रायफल नाही त्यांनीही बसायला हरकत नाही. ती मनात आणली तरी चालेल. बाकी लागतं ते मान, डोळे आणि एक दोरी, आणि तेवढं सगळ्यांकडे असतं.

पंचवीसेक मीटरवर, वारा लागणार नाही अशा भिंतीपुढे एक ओळंबा टांगा. गवंड्याकडे असतो तोच. दोरी जरा जाड आणि पांढरी घ्या, म्हणजे स्कोपमधून ठसठशीत दिसेल. टांगल्यावर तो झुलणार. हाताने थांबवायला जाऊ नका, हात लावला की तो नव्याने झुलायला लागतो. खाली पाण्याची बादली सरकवा आणि वजन पाण्यात बुडू द्या. झोके लहान होत जातील. ते लहान होताना नुसतं पाहत राहा. खांदे खाली येऊ द्या. जबडा सैल सोडा, दात दातांवर नकोत.

दोरी थांबली. आता इथे जे जे उभं म्हणून आहे, भिंतीची कड, दाराची चौकट, टेबलाचे पाय, त्या सगळ्यांवर शंका घेता येईल. दोरीवर नाही.

तसं म्हणाल तर दोरीवरही एकदा शंका घेतली गेली होती, आणि तीही आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कलियाणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं: एकदा जमिनीवरून मोजून, एकदा ओळंब्याच्या आधाराने ताऱ्यांवरून. उत्तरं जुळली नाहीत. सव्वापाच सेकंदांचा फरक आला. सेकंद म्हणजे इथे अंशाचा ३६००वा भाग. हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतं आहे, अशी शंका आली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिशेब मांडला, तर पर्वताने या फरकाच्या तिप्पट ओढायला हवं होतं असं निघालं. मग १८५५ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वतांना खाली हलक्या खडकांची मुळं असावीत. पृथ्वीच्या पोटातली एवढी मोठी गोष्ट एका दोरीच्या तिरकेपणातून कळली. पण आपल्या कामापुरतं यातलं एकच ध्यानात ठेवू. सारा हिमालय गुंतूनही जो घोळ झाला तो एका अंशाच्या सातशेव्या भागाएवढा होता. आपण बसलो आहोत ते स्कोपच्या एका अंशाच्या कलासाठी.

आता रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा शिकंज्यात ठेवा आणि रेलवर स्पिरिट लेव्हल ठेवून ती समतल करा. स्कोप रिंग्जमध्ये बसवलेला, पण सैल, बोटांनी फिरेल इतका. मॅग्निफिकेशन फार वाढवू नका. दोरी स्पष्ट दिसेपर्यंत फोकस फिरवा. मग स्कोप हळूहळू फिरवत रेटिकलची, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघांमधली, उभी रेघ दोरीवर आणा. आधी ती दोरीला कुठेतरी छेदेल. मग छेद लांबट होत जाईल. शेवटी रेघ दोरीवर अशी पडेल की वरपासून खालपर्यंत दोन्ही कडांना सारखाच पांढरा किनारा उरेल. तिथे थांबा. बराच वेळ बघत राहू नका. पाच-सहा सेकंदांनी डोळा थकतो आणि मग तो जे आहे ते सोडून जे हवं ते बघू लागतो. नजर काढा, लांब कुठेतरी पाहा, पुन्हा या.

बसली रेघ? आता रायफल उचला, नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा, स्कोपमधून पाहा.

तिरकी दिसते.

ज्यांनी स्वतः स्कोप बसवलाय त्यांना हा क्षण ओळखीचा असेल. आत्ता दोरीवर अचूक बसवलेली रेघ खांद्याला लावताच डावीकडे झुकल्यासारखी वाटते. शेजारचा बघतो, तो म्हणतो, अगदी सरळ आहे. तिसरा म्हणतो, उजवीकडे कललीय. स्कोप एकच, दोरी एकच, माणसं तीन. हात आपोआप स्क्रूकडे जातो. जाऊ द्या, पण अर्ध्या वाटेवर थांबवा. आजचं मनन या थांबवलेल्या हाताशी आहे.

रेघ तिरकी वाटते आहे, हे खरं आहे. त्याच्याशी भांडू नका. फक्त विचारा: हे वाटणं कुठून आलं?

रात्री करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. खोली पूर्ण अंधारी करा. दार किंचित किलकिलं ठेवा, बाहेरच्या दिव्याच्या उजेडाची एक उभी रेघ तेवढी दिसू द्या. मग कुशीवर आडवे व्हा आणि तिच्याकडे बघत राहा. थोड्या वेळाने रेघ उभी राहत नाही, तुमचं डोकं जिकडे कललंय त्याच्या उलट बाजूला झुकते. दिवा लावा. चौकट, कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर दिसू लागलं की रेघ मुकाट्याने सरळ होते. हर्मान ऑबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ साली असंच, अंधाऱ्या खोलीतली उजेडाची रेघ पाहून, हे नोंदवलं. आजही त्याला ऑबर्टचंच नाव आहे.

आपल्या कानाच्या आत एक ओळंबा आहे. जेलीसारख्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक बसलेले असतात. डोकं कललं की ते वजनाने सरकतात, त्यांच्याखालचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते: मान इतकी इतकी झुकली. डोळेही थोडी भरपाई करतात. मान उजवीकडे कलली की बुबुळं खोबणीत किंचित उलट फिरतात, पण जेमतेम काही अंश. बाकीची बेरीज-वजाबाकी मेंदू करतो. तो कानाचं ऐकतो, मानेच्या स्नायूंचं ऐकतो आणि सगळ्यात जास्त आजूबाजूच्या भिंती-दारांचं ऐकतो. दिवसभर हे इतकं बेमालूम चालतं की मान वाकडी करून पेपर वाचला तरी घर कलल्यासारखं वाटत नाही.

आता पुन्हा स्कोपला डोळा लावा. काय दिसतं? काळी कड, तिच्या आत उजेडाची गोल चकती, चकतीत दोन रेघा. चौकट नाही, कपाट नाही. गोलाला वर-खाली नसतं. तुम्ही ऑबर्टच्या अंधाऱ्या खोलीत येऊन बसला आहात, आणि तेही मान कलवून, कारण गाल स्टॉकवर टेकवल्यावाचून इथे दिसतच नाही. अशा वेळी रेघ कुठे झुकल्यासारखी वाटते हे स्कोप सांगत नसतो. तुमची मान सांगत असते. म्हणून तीन माणसं तीन उत्तरं देतात, आणि तिघंही खरं बोलतात.

सरळ बसलेल्या निरोगी माणसालाही अंधारात एक रेघ उभी लावायला सांगितली तर दोनेक अंशांची चूक होऊ शकते. डॉक्टर तेवढी चूक दोष धरत नाहीत. त्यात भर म्हणून वाकडी चौकट दाखवली तर घोटाळा आणखी वाढतो. हर्मन विटकिन आणि सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये अंधारात एक चमकती तिरकी चौकट आणि तिच्या आत एक दांडी ठेवून माणसांना दांडी उभी करायला सांगितली. बरेच जण चौकटीच्या बाजूला झुकले, कुणी थोडे, कुणी खूप. रेंजवर घाईने ठोकलेली टार्गेटची फ्रेम हेच काम करते. मागचा मातीचा बांध उतरता असेल तर तोही करतो. फ्रेमच्या कडेशी रेटिकल जुळवून "लेव्हल झालं" म्हणणाऱ्यांनी ती फ्रेम कुणी ठोकली आणि कशी, एवढं तरी विचारावं.

थोडा वेळ डोळे मिटा. मान कुठल्या बाजूला आहे? सरळ आहे असं वाटत असेल तर किती खात्रीने? उत्तर द्यायची घाई नको.

आता एका अंशाचं वजन हातात घेऊन पाहू. तीस मिलिमीटर जाडीच्या स्कोप-ट्यूबचा घेर सुमारे ९४ मिलिमीटर. तो ३६० अंशांत वाटला तर एका अंशाला पाव मिलिमीटर येतं. म्हणजे रिंगमध्ये ट्यूब एका पत्त्याच्या जाडीएवढी सरकली की एक अंश झाला. बोटाला जाणवणारसुद्धा नाही.

त्या पाव मिलिमीटरचं पुढे काय होतं, ते सावकाश पाहा. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणून नळी नजरेच्या रेषेच्या किंचित वर रोखलेली असते, आणि अंतर वाढेल तसे आपण टरेट, म्हणजे स्कोपवरची फिरकी, फिरवून आणखी क्लिक वर देतो. पण हे 'वर' कुणाचं? गोळी पृथ्वीच्या खाली पडते. क्लिक स्कोपच्या वर जातात. दोन्ही वर-खाली एकाच रेषेत असतील तर भरपाई नेमकी होते. स्कोप उजवीकडे कललेला असेल तर तुम्ही दिलेल्या 'वर'मध्ये थोडं 'उजवीकडे' मिसळलेलं असतं. गोळी उजवीकडे जाते आणि किंचित खाली लागते. किती उजवीकडे? जेवढी भरपाई दिली, गुणिले कलाचा साइन. .३०८ विंचेस्टरची रायफल शंभर यार्डांवर झीरो केलेली असेल, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली असेल, तर हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, तिची गोळी ढोबळमानाने दहा मीटर खाली जाते. एक अंशाचा कल असेल तर आडवी चूक १७ सेंटिमीटर. उंचीतली चूक दीड मिलिमीटर. म्हणून कलाने झालेली चूक उंचीत शोधून सापडत नाही. ती वाऱ्याचा वेष घेऊन येते आणि नेमबाज बिचारा वाऱ्याला शिव्या देत बसतो.

मघाचे ते दोन अंश आठवा, डॉक्टरांनी माफ केलेले. हजार यार्डांवर ते ३५ सेंटिमीटर होतात.

इथे एक फरक नीट मनात उतरू द्या, कारण अनेक जण यातच वर्षं घालवतात. रायफल कलणं वेगळं आणि स्कोप कलणं वेगळं. स्कोप ओळंब्याशी जुळलेला आहे, पण त्याच्याखालची रायफल तीन अंश फिरलेली आहे असं समजा. स्कोप नळीच्या पाच सेंटिमीटर वर असेल तर नळी सुमारे अडीच मिलिमीटर बाजूला गेली. शंभर यार्डांवर झीरो केलं की हजार यार्डांवर त्याची चूक अडीच सेंटिमीटरही भरत नाही. आता उलट धरा: रायफल अगदी सरळ, पण स्कोप तीन अंश कललेला. चूक ५२ सेंटिमीटर. म्हणून खांद्याच्या खोबणीत रायफल जराशी तिरकी बसायला मागत असेल तर माझ्या मते तिला बसू द्यावं. रेटिकल मात्र दोरीचं ऐकेल, रायफलचं नाही आणि डोळ्याचंही नाही.

डोळ्याला चुकीचं ठरवून त्याचा अपमान करायचा नाहीये. तो आपल्या मानेशी इमान राखून बोलतो. तेव्हा बदल करायचा तर मानेत करू.

रायफल अजून मोकळीच आहे ना? पुन्हा एकदा पाहा. स्कोपच्या ट्यूबवर छोटी लेव्हल लावायची असेल तर तीही दोरीशी जुळवूनच घट्ट करा. टरेटच्या टोपीवर लेव्हल ठेवून काम उरकू नका, टोपीचा माथा रेटिकलशी काटकोनात असेलच अशी हमी नसते. मग बेंचवर बसा, रायफल खांद्याला लावा आणि डोळे मिटा. एक श्वास. दुसरा. हनुवटी पुढे ताणलेली असेल तर मागे येऊ द्या. गाल स्टॉकवर दाबू नका, टेकू द्या. उजव्या हाताची पकड सैल करा, बऱ्याचदा रायफल कलते ती या मनगटानेच. तिसऱ्या श्वासाच्या शेवटी डोळे उघडा आणि लेव्हलच्या बुडबुड्याकडे पाहा.

तो मधे नसेल तर मनगट पिळून त्याला मधे आणू नका. तसा आणलेला बुडबुडा ट्रिगर दाबताना परत जातो. खांद्याला टेकणारी बट प्लेट पाहा: ती उभीच्या उभी आहे आणि तुमच्या खांद्याची खोबण तिरकी आहे, असं तर नाही? फिरणारी असेल तर थोडी फिरवा. रायफल गळ्याच्या हाडाजवळ आणली तर मान कमी वाकते का? गालाखालचा चीकपीस दोन मिलिमीटर उचलला तर डोळा स्कोपकडे न झुकता सरळ पोचतो का? एका वेळी एकच बदल करा. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा तीन श्वास. बुडबुड्याला घाई नसते. काचेची ती नळी आतून किंचित कमानदार असते, आणि द्रवातून वाट काढत तो कमानीच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसतो. त्याला तेवढा वेळ द्या.

डोकं सरळ आलं की गंमत होते. मघाशी झुकलेली रेघ हळूहळू उभी वाटू लागते. स्क्रू कुणी हलवलेला नसतो.

ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत स्कोपला परवानगी नाही, तिथे छिद्राची साइट असते. पण मानेचा प्रश्न तिथेही हाच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. तिन्हींमध्ये मानेचा कोन वेगळा. उभ्या स्थितीत अनेक नेमबाज डोकं रायफलकडे नेत नाहीत, रायफल डोक्याकडे कलवून आणतात. डोकं सरळ राहिलं की कानातला तोल शाबूत राहतो. म्हणजे ते मुद्दाम तिरकी रायफल धरतात! चालतं, कारण अंतर एकच, ५० मीटर, आणि त्या तिरकेपणातच साइट झीरो केलेली असते. चालत नाही ते त्या तिरकेपणाचं बदलणं. .२२ची गोळी पन्नास मीटरमध्ये सुमारे १२ सेंटिमीटर पडते. एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत कल पाच अंशांनी बदलला तर गोळी एक सेंटिमीटर बाजूला लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर.

एकाच अंतरावर मारणाऱ्याला कल सांभाळून ठेवता आला तर पुरतं. हजार यार्डांच्या एफ-क्लास स्पर्धेत, जिथे स्कोपला मुभा आहे, तिथेही त्याच अंतरावर झीरो केलेल्याचं हेच. आज तीनशे, उद्या सातशे असं अंतर बदलत क्लिक फिरवणाऱ्याला मात्र ओळंब्यावाचून सुटका नाही.

शेवटचं काम उरलं: घट्ट करणं. इथेच सगळी मेहनत वाया जाते. एका बाजूचा स्क्रू आधी पिळला की रिंग ट्यूबला त्या बाजूला ओढते, आणि पाव मिलिमीटर म्हणजे किती ते आपण पाहिलंच. डावा थोडा, उजवा थोडा, पुढचा, मागचा, रिंगच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवत. रिंगच्या कंपनीने जेवढा टॉर्क सांगितलाय तेवढाच. प्रत्येक फेरीनंतर दोरीकडे पाहा. फिरली असेल तर सैल करून पुन्हा पहिल्यापासून. त्रासू नका, तिसऱ्या-चौथ्या वेळेला बसते.

मग रायफल शिकंज्यात न हलता धरून ठेवा आणि टरेट पूर्ण वर फिरवा. क्लिक ऐकत राहा. रेटिकलचं केंद्र दोरीवरून सरळ सरकतंय का पाहा. रेघ दोरीवर आहे पण केंद्र सरकताना दोरी सोडून बाजूला जातंय, असं दिसलं तर दोष स्कोपच्या आत आहे, रेटिकल आणि क्लिकची यंत्रणा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. अशा स्कोपमध्ये दूरच्या नेमासाठी क्लिक दोरीशी जुळवा आणि रेघ तिरकी दिसली तर दिसू द्या. वॉरंटी असेल तर तो परत पाठवा.

सगळं जमलं की रिंग आणि ट्यूब जिथे भेटतात तिथे नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका द्या, अर्धा रिंगवर, अर्धा ट्यूबवर. पुढे कधी रेघ तिरकी वाटली तर आधी तो ठिपका पाहा. तो अखंड असेल तर स्कोप जागेवर आहे, मान तपासा. दुभंगला असेल तर बोल्ट काढा आणि बादली भरून आणा.